श्वासनलिकेखालचा डबा

महसुलाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास इंदापूर तालुक्याचे नाव अपरिचित नसते. कारण प्रिंगलसाहेबांची सारा-आकारणी रयतेला असह्य ठरल्यानंतर १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोन अंमलदारांनी जमिनीची नवी मोजणी व प्रतवारी याच तालुक्यापासून आरंभिली, आणि तीस वर्षांच्या मुदतीची जी जमाबंदी पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात रूढ झाली तिचा पहिला प्रयोग येथल्याच बरड आणि काळ्या जमिनींवर झाला. त्या दिवसापासून या मुलखातील बांध, विहिरी, पड जमिनी आणि पाण्याच्या पाळ्या यांची नोंद कोणत्या ना कोणत्या दप्तरात होत आली आहे. मात्र गेल्या शतकात येथल्या विहिरीविहिरींवर जी एक वस्तू दिसू लागली, आणि जिच्यावर एकाही कारकुनाने कधी शाई खर्च केली नाही, ती म्हणजे इंजिनाच्या श्वासनलिकेखाली तारेने टांगलेला तेलाचा डबा. तो बहुधा वनस्पती तुपाचा रिकामा डबा असे. त्याच्या काठाला खिळ्याने भोके पाडलेली असत आणि बुडाशी बोटभर काळे तेल साचलेले असे. आज त्याच वस्तूला तरुण मंडळी ‘ऑइल कॅच कॅन’ म्हणतात, ती निळ्यातांबड्या रंगाच्या ॲल्युमिनियमची असते, आणि ती निवडताना बारामतीच्या चहाच्या टपरीवर जितका वाद होतो तितका एके काळी बैल निवडताना होत असे. या डब्याची कुळकथा सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश.

वंगणाचा इतिहास या प्रांतात इंजिनाहून पुष्कळ जुना आहे. बैलगाडीच्या आखाला तेल लागे आणि त्यासाठी गाडीखाली बांबूची नळी टांगलेली असे. तीत एरंडेलाचे किंवा करडईच्या तेलाचे गाळसाळ आणि एक चिंधीचा बोळा असे, आणि चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरून आखाला दोन बोटे वंगण फासून पुन्हा जागेवर बसे. घाण्याचे तेल बुधल्यांतून बाजाराला येई ते मुख्यतः दिव्यासाठी आणि फोडणीसाठी. त्यातले चाकाला घालावयाचे म्हणजे घरच्या बाईच्या कपाळाला आठी पडे, आणि ती आठी न्याय्यच होती. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गाडीचे चाक तेल घेई, परत काही देत नसे. फार तर आखाच्या टोकाशी काळे किटण जमे. आत घातलेले तेल वायुरूपाने बाहेर पडते, थेंबरूपाने परत येते, आणि येताना आतली हकीकत सांगते, हा अनुभव चाकाने कोणाला दिलेला नव्हता. तो द्यावयास इंजिन यावे लागले.

इंजिन येण्यापूर्वी पाणी आले. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर नीरेच्या डाव्या कालव्याचे काम पुढे रेटले गेले, आणि १८८५ च्या सुमारास भाटघरच्या जलाशयाच्या आधाराने पुरंदर, बारामती आणि इंदापूर या टापूंतून पाट वाहू लागला. त्याआधी दहाच वर्षे, १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. तेव्हा ज्या मुलखाने कर्ज आणि कोरड या दोन्ही व्याधी एकाच वेळी भोगल्या त्याला हे पाणी म्हणजे प्रत्यक्ष भागीरथी वाटली असल्यास नवल नाही. ऊस आला, गुऱ्हाळे आली, बारामतीची गुळाची पेठ भरली; १९१४ साली दौंडाहून बारामतीपर्यंत छोटी आगगाडी धावू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी पाण्याची उधळपट्टी थांबावी म्हणून विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत घालून दिली. भाटघरचे जुने धरण अपुरे पडले म्हणून तेथे नवे लॉइड धरण बांधण्यात आले, आणि ते १९२८ मध्ये पुरे झाले.

पण पाणी आत येण्याची तजवीज जितक्या तत्परतेने झाली तितक्या तत्परतेने ते बाहेर जाण्याची झाली नाही. उसाला पाणी पाजण्यात मर्यादा राहिली नाही, काळ्या जमिनीच्या पोटात ते मुरून राहिले, खालचे क्षार वर आले, आणि पाचपन्नास वर्षांपूर्वी कोरडी असली तरी निरोगी असलेली शेते चोपण आणि पांढरी पडू लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी १९१० च्या सुमारास नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींचा शास्त्रीय अभ्यास केला, त्यातून जे निष्पन्न झाले ते एका मराठी शब्दात मावते: निचरा. आपल्या भाषेने हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी फार पूर्वीपासून ठेवलेला आहे. पण ज्या जमिनीत जे घालावयाचे त्याला बाहेर पडण्याची वाटही आधीच काढून ठेवावयाची असते हा त्याचा पुरा अर्थ बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांनी आपल्या शेतांची किंमत देऊन शिकला. इंजिनाच्या पोटाखालचा डबा हा माझ्या मते त्याच धड्याचा पुढला भाग होय, आणि म्हणूनच तो या मुलखात इतक्या सहजतेने रुजला.

कालव्याच्या वरच्या गावांना पाट पुरे. इंदापूरकडील टेलच्या गावांना मात्र पाळीचे पाणी पोहोचेपर्यंत पाटबंधारे खात्याचा हंगाम संपून जाई. नमुना नंबर सातचा अर्ज भरून कचेरीत खेटे घालणाऱ्या रयतेने शेवटी भरवसा ठेवला तो विहिरीवर. विहिरीवर पूर्वी मोट चाले, आणि मोटेचे चित्र कितीही काव्यमय असले तरी बैलांच्या मानेला ते काव्य ठाऊक नव्हते. मोटेच्या जागी ऑइल इंजिन आले. आरंभी ते विलायती असे; परंतु १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच साताऱ्याचे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिन घडू लागले. हेच कूपर पुढे १९३७ साली अल्पकाळ मुंबई प्रांताचे पहिले मुख्य प्रधान झाले; इंजिन घडविणारा मनुष्य राज्यकारभाराच्या सर्वोच्च आसनावर बसल्याचा असा योग आपल्याकडे पुन्हा क्वचितच आला. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि लवकरच ‘किर्लोस्कर’ हे आडनाव खेड्यापाड्यांत इंजिनाचे सामान्यनाम होऊन बसले. ज्याच्याजवळ रोकड नसे तो मामलेदार कचेरीत तगाईचा अर्ज करी. जमीनसुधारणेच्या आणि शेतकऱ्यांच्या कर्जाचे १८८३ व १८८४ चे कायदे त्यासाठी होतेच, आणि जमीन तारण लिहून दिली की दस्तऐवजावर अंगठा उमटे.

विलायतेत डर्सली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एक उभे, एकाच सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला सहाशे फेरे घेणारे सुस्त इंजिन बाजारात आणले होते. त्याच्या नकला राजकोटला इतक्या विपुल निघाल्या की मूळ घराणे इंग्लंडात मावळून गेल्यावरही वंश हिंदुस्थानात चालत राहिला. या इंजिनाचे रूप ज्याने पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही: दोन्ही बाजूंस माणसाच्या कमरेएवढी चक्रे, वर पाण्याचे नळ, आणि पोटाशी, म्हणजे क्रँककेसवर, एक लहानशी डबी, जिच्यात पातळ पत्र्याची चकती सैल बसविलेली असे. ही डबी म्हणजे ब्रीदर, इंजिनाची श्वासनलिका. पिस्टन खाली आला की पोटातली हवा दाबली जाऊन चकती उचलली जाई आणि हवा बाहेर पडे. पिस्टन वर गेला की चकती आपल्या जागी बसे आणि आत किंचित निर्वात राही. त्या किंचित निर्वातामुळेच तेल आत धरले जाई, आणि आसाच्या दोन्ही बाजूंनी गळत नसे. चकती चिकटली, वाकली किंवा कोणा हौशी माणसाने साफ करताना उलटी बसविली, तर इंजिन घामाघूम झालेल्या बैलासारखे चोहोबाजूंनी पाझरू लागे.

आता श्वासाबरोबर तेल का येते? सिलिंडरात इंधन पेटते तेव्हा जो वायू फुगतो त्यातील थोडा अंश पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली उतरतो. कितीही नवे इंजिन असो, हा अंश शून्य होत नाही. आणि रिंगा व लायनर झिजत जातात तसा तो वाढत जातो. खाली क्रँक तेलाला घुसळतच असतो, त्यामुळे तेलाचे अतिसूक्ष्म तुषार त्या वायूवर आरूढ होतात आणि ब्रीदरच्या वाटेने बाहेर पडू पाहतात. विहिरीच्या थारोळ्यावर हे तुषार पडले की तेथले पाणी तेलकट होई, गुरे तोंड लावीत नसत, आणि उसाच्या पहिल्या सरीत इंद्रधनुष्य तरंगे. म्हणून ब्रीदरला रबरी नळी, आणि नळीच्या टोकाशी तो तुपाचा डबा. डबा टांगला गेला तो यंत्रशास्त्राच्या कारणासाठी नव्हे, गुरांच्या कारणासाठी.

पुढे मात्र त्या डब्याकडे वैद्याच्या दृष्टीने पाहणारा एक वर्ग निर्माण झाला. बारामती, भिगवण, इंदापूर, वालचंदनगर येथे इंजिन-फिटर म्हणून जी माणसे नावारूपाला आली त्यांच्यापैकी अनेकांनी शाळेचे तोंड फारसे पाहिलेले नव्हते, पण डबा पाहून निदान करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यावर येणारे मिस्त्री इंजिनाला हात लावण्यापूर्वी डब्यात बोट बुडवीत, ते बोट आधी उन्हात धरीत, मग नाकाशी नेत, आणि वडिलांना विचारीत, “अण्णा, हे थंडीत रात्री तासाभरासाठीच चालवता का?” प्रश्न मला अंतर्ज्ञानाचा वाटे. वस्तुतः डब्यातले तेल ताकासारखे पांढरट आणि फेसाळ झालेले असे. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद केले म्हणजे ज्वलनातून निर्माण झालेली पाण्याची वाफ आतच थिजून तेलात मिसळते, हे त्यांना ठाऊक होते. तेच पांढरे तेल उन्हाळ्यात, दिवसभर चाललेल्या इंजिनाच्या डब्यात दिसले तर ते गंभीर होत आणि हेडचे गास्केट गेल्याचा संशय बोलून दाखवीत. तेल पातळ असून त्याला डिझेलचा वास आला तर नोझल टपकते आहे. तेल चांगले काळे पण आठवड्याच्या जागी दोन दिवसांत डबा भरला तर रिंगा गेल्या. डबा कोरडा ठणठणीत आणि आसाशी मात्र गळती, तर ब्रीदरची चकती किंवा नळी तुंबली. शेवटची परीक्षा म्हणजे चालू इंजिनाच्या तेल घालण्याच्या तोंडावर झाकण उलटे ठेवावयाचे: ते नुसते थरथरले तर ठीक, नाचून खाली पडले तर “इंजिनाचं काम काढावं लागंल” हा निकाल, ज्यावर अपील नसे. ही सारी विद्या आजही जशीच्या तशी खरी आहे, आणि ज्यांच्या गाडीत शंभर संवेदक बसविलेले आहेत त्यांनीही तिचा अव्हेर करू नये असे मला प्रामाणिकपणे वाटते.

डब्यात जमलेले तेल परत इंजिनात ओतण्याचा मोह काटकसरी घरांत फार असे. मिस्त्री त्यास सक्त विरोध करीत आणि तो योग्यच होता. जे तेल वाफ, काजळी आणि डिझेलमधील गंधकापासून झालेले आम्ल घेऊन बाहेर पडले ते पुन्हा आत घालणे म्हणजे निचऱ्याचे पाणी पुन्हा शेताला देणे. ते जळके ऑइल मग दाराच्या बिजागऱ्यांना, गाडीच्या लाकडाला, वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या मेढींना फासले जाई. पुढे सिमेंटची घरे आली तेव्हा सेंट्रिंगच्या पाट्यांनाही तेच लावण्याची चाल पडली.

१९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यावर हळूहळू विहिरीवर विजेची मोटर आली आणि इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. डबा मात्र नाहीसा झाला नाही. तो मोटारीखाली गेला. येथे क्षणभर बाहेरच्या जगाकडे वळणे प्राप्त आहे. दीर्घकाळ मोटारींच्या क्रँककेसमधून एक उघडी नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे आणि गाडी धावताना वाऱ्याच्या ओढीने आतला वायू त्या वाटे शोषला जाई. म्हणूनच जुन्या डांबरी रस्त्यांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा पडे. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे आणि लष्करी वाहने खोल पाण्यातून पार करावी लागली, तेव्हा उघड्या नळीतून पाणी आत शिरू नये म्हणून तो वायू झडपेवाटे पुन्हा इंजिनाच्या हवेच्या मार्गात सोडण्याची युक्ती प्रचारात आली. शांततेच्या काळात तिचे पुनरुज्जीवन झाले ते लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे: इंधनाच्या अर्धवट जळलेल्या वाफांचा मोठा अंश या पोटातल्या वायूतून येतो असे आढळल्यावर १९६१ पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ही बंद श्वासाची रचना बसू लागली आणि लवकरच ती सर्वत्र पसरली. मोटारींवर घातलेले प्रदूषणनियंत्रणाचे हे पहिलेच साधन.

योगायोग असा की हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची जिद्द ज्याने धरली त्या वालचंद हिराचंदांची कर्मभूमी याच इंदापूर तालुक्यात होती. कळंबच्या माळरानावर त्यांनी ऊस लावला, १९३३-३४ च्या सुमारास साखर कारखाना उभा केला, आणि त्या वसाहतीस त्यांचेच नाव मिळून वालचंदनगर झाले. तर १९४४ साली मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करून त्यांनी पुढे क्रायस्लर आणि नंतर फियाट यांच्या गाड्या या देशात बांधविल्या. साताऱ्याचा कूपर कारखानाही कालांतराने वालचंद समूहात आला. विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा पाया घालणारा हा सोलापूरचा गृहस्थ १९५३ मध्ये निवर्तला.

त्यानंतरचे वर्तमान सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि गळिताच्या हंगामात कारखान्याच्या तळावर ट्रॅक्टरांच्या रांगा लागू लागल्या. त्यांपैकी वयस्क ट्रॅक्टरांच्या ब्रीदरखाली आजही पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली बांधलेली आढळते. ती तुपाच्या डब्याची थेट वारस होय. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत भारत फोर्जच्या कारखान्यात क्रँकशाफ्ट तयार होतात, आणि पियाजिओच्या कारखान्यातून गेल्या शतकाच्या अखेरीपासून आपे रिक्षा बाहेर पडतात. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी, हे आमच्याकडे थोड्यांनाच ठाऊक आहे. पण तिच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून अर्थ आपोआप उमगावा. अलीकडे तेथूनच विजेवर चालणाऱ्या आपेही निघतात, ज्यांना क्रँककेस नाही आणि म्हणून ब्रीदरही नाही. तरीही डिझेलचा संसार या तालुक्यांत अजून आवरलेला नाही.

नव्या डिझेल गाड्यांत, विशेषतः १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत, श्वास बंदच असतो: पोटातला वायू टर्बोच्या तोंडाशी नेऊन पुन्हा इंजिनाला पाजला जातो. त्यातले तेल इंटरकूलरच्या तळाशी साचते, आणि धुराड्यातून परत आणलेल्या वायूतील काजळीशी त्याची गाठ पडली की हवेच्या मार्गात डांबरासारखा लेप बसतो. कारखान्याने स्वतःचा विभाजक दिलेला असतोच. तो थकला, किंवा गाडी जुनी आणि काम उसाच्या ओझ्याचे असले, म्हणजे मध्ये एक पकडडबा बसविण्याचा विचार मनात येतो. तेथेच आमच्या लोकांची गल्लत होते. बाजारात जे मिळते त्यापैकी पुष्कळसे केवळ रिकामे नळकांडे असते. असा एक चकचकीत डबा मीही एकदा एका दुकानातून मोठ्या आशेने आणला होता. सहा महिन्यांत त्यात चमचाभरही तेल जमले नाही, आणि मी इंजिनाची प्रकृती उत्तम आहे असे समजून संतोष मानीत राहिलो. पुढे उघडून पाहिले तेव्हा आत ना जाळी ना आडपडदा. वायू एका भोकातून शिरून दुसऱ्या भोकातून तेलासकट निघून जात होता. दुकानदाराला दोष द्यावा तितका थोडा, पण डबा उघडून न पाहता विकत घेणारा मी त्याहून मोठा दोषी.

तेव्हा जो घेईल त्याने प्रथम झाकण काढून आत पाहावे. वायूची वाट वळली पाहिजे, त्याचा वेग मंदावला पाहिजे, आणि वळणावर आडपडदा किंवा स्टेनलेस तारेची जाळी अशी असली पाहिजे की तुषार तिच्यावर आपटून थेंब होऊन खाली उतरतील. वेग, वळण आणि थंडावा या तिन्हींवाचून तेल वायूपासून सुटत नाही. म्हणून डबा सायलेन्सरच्या बाजूस न बसविता जेथे वारा लागेल तेथे बसवावा. मूळ ब्रीदरच्या नळीचा जो आतला व्यास असेल त्याहून लहान नळी कदापि वापरू नये, आणि ती तेलाला टिकणारी, आत ओढ पडली तरी न चपटणारी असावी. बागेला पाणी घालण्याची पारदर्शक नळी हे इंजिनाच्या श्वासाला लावलेले कुलूप होय. नळीला मध्ये झोळ राहिला की त्यात तेल साचून वाट बंद होते, वायू कोंडतो, आणि मग क्रँकच्या सीलमधून, मापपट्टीच्या भोकातून, टर्बोच्या परतीच्या नळीतून, मिळेल तेथून इंजिन ओकू लागते. रोजच्या गाडीस अर्ध्या लिटरचे पात्र पुरते. शर्यतीच्या गाड्यांना आंतरराष्ट्रीय नियमाने दोन हजार घनसेंटिमीटरपर्यंत किमान दोन लिटर आणि त्यावर तीन लिटर इतके मोठे पात्र सक्तीचे असते, कारण तेथे प्रश्न आतल्या लेपाचा नसून शर्यतीच्या मार्गावर सांडलेल्या तेलाने दुसऱ्याचा जीव जाण्याचा असतो; पण आमच्या पालखी मार्गावर तेवढ्या पात्राची गरज नाही. डब्यातून सुटलेला वायू मूळ मार्गातच परत गेला पाहिजे. कारखान्याने बंद ठेवलेला श्वास उघड्यावर सोडणे म्हणजे गाडीला तिच्या मान्यताप्राप्त स्थितीतून बाहेर काढणे होय, आणि आरटीओचा प्रश्न बाजूला ठेवला तरी तो वास चालकाच्याच नाकात शिरतो. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर या भानगडीत पडूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

बसविल्यावर पहिले काही दिवस हजार किलोमीटरला एकदा तोटी सोडून किती तेल निघते ते पाहावे, आणि मग आपल्या गाडीचा मासिक हिशेब ठरवून घ्यावा; तो एकाएकी दुप्पट झाला तर वर वर्णिलेल्या मिस्त्रींची आठवण करावी. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात अधिक वेळा रिकामा करावा, कारण त्या दिवसांत तेलापेक्षा पाणीच अधिक जमते. जाळी वर्षातून दोनदा डिझेलने धुऊन वाळवावी. निघालेले जळके ऑइल डबड्यात साठवून गॅरेजमधून तेल उचलणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे, पाटात किंवा ओढ्यात ओतू नये. ज्या खोऱ्याच्या जमिनी एकदा निचऱ्याअभावी पांढऱ्या पडल्या त्याला काळ्या तेलाची आणखी भर नको.

आणि एक विनंती. दसऱ्याला, गळिताचा हंगाम तोंडावर आलेला असताना, आपण ट्रॅक्टर धुतो, चाकांना हळदकुंकू लावतो, बॉनेटवर झेंडूची माळ घालतो. यंदा माळ घालण्यापूर्वी बॉनेट उघडावे, ब्रीदरची नळी हाताने चाचपावी, आणि डबा असेल तर तो आधी रिकामा करावा.